विंडोजच्या शेजारी लिनक्स: पेन ड्राइव्ह लावण्याआधीची कामं आणि नंतरची

नात्यात किंवा सोसायटीत कुणी विंडोजच्या जोडीला लिनक्स टाकायला घेतलं, की रात्री दहाच्या सुमारास माझा फोन वाजतो. सोबत पडद्याचा फोटो येतो, आणि ते फोटो तीनच प्रकारचे असतात. पहिल्यात निळ्या पडद्यावर विंडोज ४८ आकडी किल्ली मागत असतं. दुसऱ्यात लिनक्सच्या इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसते. तिसऱ्यात काहीच बिघडलेलं नसतं, सगळं इन्स्टॉल झालेलं असतं, पण मशीन चालू केलं की मुकाट्याने विंडोजच उघडतं.

पहिल्या दोन्हींचं कारण पेन ड्राइव्ह लावण्याच्या आधी घडलेलं असतं, किंवा खरं तर न घडलेलं असतं. तिसऱ्याचा उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो कुठे आहे हे माहीत नसतं. म्हणून इथे प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन थोडक्यात आहे आणि तयारी सविस्तर.

उदाहरणाला घेतलाय तो विंडोज १० किंवा ११ असलेला घरचा लॅपटॉप (किंवा असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप), आणि त्यावर लिनक्स मिंट २२ (मिंट हा लिनक्सचा एक अवतार, उबुंटू हा दुसरा). विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) नसलेल्या मशीनवर ११ अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे टॅली, श्रीलिपीतल्या जुन्या फायली आणि डिजिटल सहीचं टोकन यांच्यासाठी विंडोज, बाकी रोजचं सगळं लिनक्सवर, अशी वाटणी सध्या बऱ्याच घरांत होते आहे. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. उबुंटू घेतलंत तरी पायऱ्या याच, फक्त इन्स्टॉलरचे पडदे वेगळे दिसतील.

लिनक्स नुसतं बघायचं असेल, तर हा खटाटोप करू नका. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आतच एका खिडकीत दुसरी सिस्टिम चालवणारा प्रोग्रॅम) चालवून बघा.

आणि कोरं मशीन असेल तर क्रम पक्का: आधी विंडोज, मग लिनक्स. उलट केलंत तर विंडोज स्वतःला बूटच्या (मशीन सुरू होण्याच्या) रांगेत पहिलं बसवतं आणि जुन्या पद्धतीच्या मशीनवर तर लिनक्सचा बूटलोडर (मशीन चालू झाल्यावर सिस्टिम उघडून देणारा छोटा प्रोग्रॅम) पुसूनच टाकतं.

## टप्पा १: जे गमावायचं नाही ते मशीनबाहेर काढा

"डी ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलंय" हा बॅकअप नाही. सी, डी, ई या बहुतेक घरांत एकाच डिस्कच्या खोल्या असतात. भिंत पडली तर सगळ्या जातात. बॅकअप म्हणजे वेगळी डिस्क, जी काम चालू असताना मशीनला लावलेली नसेल.

कागदपत्रं आणि फोटो सगळे आठवणीने काढतात. विसरतात ते हे: टॅलीच्या डेटाचं फोल्डर, ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड, डेस्कटॉपवर पसरलेल्या फायली, आणि जुन्या मजकुरासाठी लागणारे बिगर-युनिकोड फॉन्ट.

याच वेळी एका ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने विंडोजचा इन्स्टॉलर करून ठेवा. लागणार नाही अशी आशा आहे, पण लागला तर तो बनवायला त्या क्षणी दुसरं मशीन शोधावं लागतं.

विंडोजचे अडकलेले अपडेट पूर्ण होऊ द्या, एकदा रीस्टार्ट करा. लॅपटॉपला चार्जर लावलेला असू दे. डेस्कटॉप यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर नसेल, तर तुमच्या भागात दुरुस्तीसाठी लाइट जाते तो वार सोडून दुसरा धरा. पार्टिशन (म्हणजे डिस्कची खोली) आखडत असताना गेलेली लाइट फार महाग पडते.

## टप्पा २: आपलं मशीन कोणत्या जातीचं ते ओळखा

स्टार्टमध्ये 'सिस्टिम इन्फर्मेशन' शोधून उघडा. उजवीकडे 'बायोस मोड' अशी ओळ दिसेल. तिच्यापुढे 'यूईएफआय' आहे की 'लेगसी' (मशीन सुरू करण्याची नवी पद्धत आणि जुनी), ते कागदावर लिहा. खालची 'सिक्युअर बूट स्टेट' ही ओळही टिपा (सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय).

मग स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या भागात डावीकडे 'डिस्क ०' असं लिहिलेल्या चौकटीवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'व्हॉल्यूम्स'. तिथे 'पार्टिशन स्टाइल' जीपीटी आहे की एमबीआर (पार्टिशनची नोंद ठेवायची नवी पद्धत आणि जुनी), ते दिसेल. तोही कागदावर. आणि हाच पडदा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्हची अक्षरं दिसत नाहीत. तिथे कोणतं पार्टिशन कोणतं, हे फक्त आकारावरून ओळखायचं असतं, आणि तेव्हा हा फोटो कामी येतो.

यूईएफआय आणि जीपीटी अशी जोडी असेल तर पुढचं सोपं आहे. लेगसी आणि एमबीआर असेल तर एक मर्यादा लक्षात ठेवा: एमबीआरमध्ये चारच प्रायमरी (मुख्य) पार्टिशन बसतात. जुन्या असेंबल्ड डेस्कटॉपवर दुकानदाराने सी, डी, ई, एफ पाडून दिलेल्या असतात आणि चौकडी आधीच भरलेली असते. अशा वेळी सी आखडून मिळालेली जागा इन्स्टॉलरला 'अनयूजेबल' दिसते. तिथे सी ऐवजी शेवटची लॉजिकल ड्राइव्ह (एका मोठ्या पार्टिशनच्या पोटात पाडलेली), म्हणजे बहुधा एफ, आखडा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये लॉजिकल ड्राइव्हभोवती हिरवी चौकट असते.

थांबा: अशा डिस्कवर काही करताना विंडोज 'डायनॅमिक डिस्क' करू का असं विचारेल. उत्तर नेहमी नाही. तसं केल्यावर लिनक्सचा इन्स्टॉलर तिथे हात टेकतो.

नियम एवढाच, की विंडोज ज्या पद्धतीने बूट होतं त्याच पद्धतीने लिनक्सही बसवायचं. यूईएफआयचं विंडोज आणि लेगसीचं लिनक्स अशी खिचडी झाली, की दोन्ही चालतात पण एकमेकांच्या मेन्यूत कधीच दिसत नाहीत.

## टप्पा ३: बिटलॉकर

बिटलॉकर म्हणजे डिस्कवरचं सगळं किल्लीशिवाय वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय.

"माझ्याकडे होम एडिशन आहे, त्यात बिटलॉकर नसतं" असं सांगणाऱ्यांचेच निळ्या पडद्याचे फोटो जास्त येतात. होममध्ये तेच 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' या नावाने असतं, आणि विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्या मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की ते बहुतेकदा आपोआप चालू होतं. कुणी विचारत नाही, सांगत नाही.

सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' (विंडोज १० मध्ये 'अपडेट अँड सिक्युरिटी'), त्यात 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' बघा. प्रो एडिशन असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर' बघा. चालू असेल तर:

१. आधी रिकव्हरी की मिळवा. ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन सुरू केलं, त्याच अकाउंटमध्ये ती साठवलेली असते. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. हाताने कागदावर उतरवा, मग दुसऱ्याकडून वाचून घेऊन ताडून बघा.

२. मग एन्क्रिप्शन बंद करा. डिस्क उलगडायला अर्ध्या तासापासून काही तास लागू शकतात. ते पूर्ण झाल्याचं दिसेपर्यंत पुढे जाऊ नका.

भाच्याच्या लॅपटॉपवर हाच टप्पा आम्ही गाळला. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या, मशीनच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट बंद केलं आणि पुढच्या क्षणी निळा पडदा. लॅपटॉप त्याने कॉलेजच्या ईमेलने सुरू केलेला, पदवी झाल्यावर ते खातं बंद झालेलं, आणि किल्ली त्याच खात्यात. बंगल्याची चावी आत ठेवून दार ओढून घ्यावं तसं झालं. प्रोजेक्टसकट सगळं गेलं, शेवटी फॉरमॅट मारावा लागला.

लॅपटॉप बाहेर घेऊन फिरत असाल, तर सगळं काम संपल्यावर एन्क्रिप्शन परत चालू करायला हरकत नाही. तो कागद मात्र सांभाळा.

## टप्पा ४: फास्ट स्टार्टअप बंद

फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउन केल्यावर विंडोज खरं तर पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्या अवस्थेत सी ड्राइव्ह 'वापरात आहे' अशी खूण तशीच राहते. लिनक्समधून मग ती फक्त वाचता येते किंवा उघडतच नाही, आणि जबरदस्तीने लिहिलं तर फायली खराब होतात.

कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू'. वर 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ आहे, तिच्यावर क्लिक केल्याशिवाय खालचे चौकोन करडेच राहतात. मग 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढा, सेव्ह करा.

तपासा: मोठ्या विंडोज अपडेटनंतर ही खूण कधी कधी परत उगवते. चार-सहा महिन्यांनी लिनक्समधून अचानक सी ड्राइव्हवर लिहिता येईनासं झालं, तर आधी इथे या.

## टप्पा ५: मिंटची पेन ड्राइव्ह

आयएसओ फाइल (अख्खा इन्स्टॉलर भरलेली एकच फाइल) मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा, साधारण तीन जीबीच्या आसपास असते. जोडीला दिलेला एसएचए२५६ चेकसमही (फाइल जशीच्या तशी उतरली का ते ताडायचा लांबलचक अंक) घ्या. हा सोपस्कार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये खुद्द मिंटच्याच संकेतस्थळात शिरून कुणीतरी डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि लोकांनी मागचं दार असलेली आयएसओ उतरवली होती. शिवाय आपल्याकडचं नेट मध्येच तुटतं. अर्धवट फाइल इन्स्टॉलेशनच्या ऐंशी टक्क्यांवर दगा देते.

विंडोजमध्ये रुफस (आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहिणारा प्रोग्रॅम) उघडा, पेन ड्राइव्ह (किमान ८ जीबी, आतलं सगळं पुसलं जाईल) आणि आयएसओ निवडा. 'सिलेक्ट' बटणाशेजारच्या खुणेवर क्लिक केलं की रुफस चेकसम काढून दाखवतो. शेवटचे आठ-दहा अक्षरांक जुळवा. मग टप्पा २ चा कागद बघा: यूईएफआय असेल तर 'जीपीटी', लेगसी असेल तर 'एमबीआर'. आयएसओ मोड की डीडी मोड असं विचारलं, तर आयएसओ.

दोन पेन ड्राइव्ह एकदम लावून ठेवू नका. चुकून बॅकअपवाली पुसली जाते. हसू नका, होतं असं.

## टप्पा ६: डिस्क कापण्याआधी लिनक्स चालवून बघा

बहुतेक व्हिडिओंत आधी पार्टिशन आखडतात आणि मग पेन ड्राइव्ह लावतात. मी उलट करतो. तुमच्या मशीनचं वायफाय मिंटला ओळखू येतच नसेल, तर डिस्क कापून उपयोग काय?

बूट मेन्यूची कळ कंपनीप्रमाणे बदलते. डेल आणि लेनोव्होला एफ१२, एचपीला एफ९ (किंवा आधी एस्केप), आसूसच्या लॅपटॉपला एस्केप, एमएसआयला एफ११. एसरला एफ१२ चालते, पण बऱ्याच मॉडेलवर ती आधी बायोसमध्ये, म्हणजे एफ२ दाबून, चालू करावी लागते. कळ सापडतच नसेल तर विंडोजमध्ये शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट' म्हणा आणि 'यूज अ डिव्हाइस' निवडा.

मेन्यूत तीच पेन ड्राइव्ह दोनदा दिसू शकते, एकदा नावामागे 'यूईएफआय' लागलेली आणि एकदा नुसती. विंडोज यूईएफआयचं असेल तर यूईएफआयवालीच. टप्पा २ मधली खिचडी होते ती नेमकी या एका एंटरने.

सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही. मिंट आणि उबुंटू दोन्ही ते चालू असताना बूट होतात. काही नव्या लॅपटॉपवर, विशेषतः थिंकपॅडवर, बायोसमध्ये मायक्रोसॉफ्टच्या 'थर्ड पार्टी सीए'ला (इतरांच्या सॉफ्टवेअरवरच्या सहीला) परवानगी द्यावी लागते, तेवढं बघा.

मिंट पेन ड्राइव्हवरूनच उघडेल. इन्स्टॉलच्या आयकॉनला अजून हात लावू नका. वायफाय जोडा, एखादं गाणं लावा, पडद्याचा उजेड कमी-जास्त करा, टचपॅडवर दोन बोटांनी खाली-वर करा, कॅमेरा बघा. मग मेन्यूतून 'डिस्क्स' उघडा आणि तुमची डिस्क डाव्या यादीत आहे का ते बघा.

डिस्क दिसत नसेल तर: इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर डिस्क 'आरएसटी', 'रेड' किंवा 'व्हीएमडी' मोडमध्ये (डिस्क हाताळण्याच्या खास पद्धतींत) असते. ती बायोसमध्ये 'एएचसीआय' (साधी पद्धत) करावी लागते. पण थेट बदललंत, तर विंडोज 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणत बसेल. क्रम असा:

१. विंडोजमध्ये जा. 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडा, 'बूट' टॅबमध्ये 'सेफ बूट'ला खूण करा.

२. रीस्टार्ट करून सरळ बायोसमध्ये शिरा. मोड एएचसीआय करा (व्हीएमडी असेल तर ते बंद करा), सेव्ह.

३. विंडोज सेफ मोडमध्ये उघडेल आणि योग्य ड्रायव्हर उचलेल. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून अकाउंटचा पासवर्ड आधीच आठवून ठेवा.

४. 'सेफ बूट'ची खूण काढून पुन्हा रीस्टार्ट.

आता पेन ड्राइव्हवरून परत बघा, डिस्क दिसेल.

## टप्पा ७: जागा मोकळी करा, विंडोजमधूनच

लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्येही पट्टी सरकवून विंडोज आखडता येतं. मी ते टाळतो. आपलं सामान कुठे ठेवलंय ते ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, तेव्हा जागा विंडोजलाच रिकामी करू द्यावी.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी वर राइट क्लिक, 'श्रिंक व्हॉल्यूम'. पुढच्या चौकटीत आकडा एमबीत द्यायचा असतो आणि तो किती जागा *काढायची* त्याचा असतो, उरवायची त्याचा नाही. हे उलटं वाचून एकाने ५०० जीबीतून ४०० काढायला लावले होते. सुदैवाने विंडोजनेच नकार दिला. मिंट २० जीबीतही बसतं, पण १०० जीबी द्या. १०० गुणिले १०२४, म्हणजे १०२४०० टाका. सी मध्ये तीसेक जीबी तरी मोकळे उरायला हवेत, नाहीतर पुढचं विंडोज अपडेट अडेल.

सी मध्ये २०० जीबी मोकळे दिसतायत आणि विंडोज श्रिंकला जेमतेम ५-१० जीबी देतंय? मधोमध न हलणाऱ्या फायली बसल्या आहेत. हायबर्नेशन, व्हर्च्युअल मेमरीतली पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन या तिन्ही गोष्टी तात्पुरत्या बंद करा, रीस्टार्ट करा, श्रिंक करा. मग पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन परत चालू करायला विसरू नका.

थांबा: आता काळ्या पट्टीची 'अनअलोकेटेड' जागा दिसेल. ती तशीच सोडा. 'न्यू सिंपल व्हॉल्यूम' करून तिला एफ किंवा जी नाव देण्याचा मोह सगळ्यांना होतो. इन्स्टॉलरला बेवारस जागाच हवी असते.

तपासा: एकदा विंडोज रीस्टार्ट करून नीट उघडतंय ना, बघा. काही बिघडलं असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं.

## टप्पा ८: इन्स्टॉलेशन

मशीनमध्ये दोन डिस्क असतील आणि लिनक्स दुसरीवर टाकायचं असेल, तर डेस्कटॉपचं झाकण उघडा आणि विंडोजच्या डिस्कची केबल काम होईपर्यंत काढून ठेवा. मिंटचा इन्स्टॉलर बूटलोडर कुठे टाकायचा हे विचारतो खरा, पण यूईएफआय मशीनवर पहिल्या डिस्कच्याच ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडर ठेवायच्या छोट्या खोलीत) नेऊन टाकण्याची त्याला जुनी खोड आहे. विंडोजची डिस्क समोर नसली की प्रश्नच मिटतो. खरं सांगायचं तर परवडत असेल त्याने २४० जीबीची वेगळी एसएसडी घ्यावी. या लेखातला निम्मा धोका तिथेच संपतो.

एकच डिस्क असेल तर पेन ड्राइव्हवरून मिंट उघडून इन्स्टॉल सुरू करा.

१. भाषा आणि कीबोर्ड. मराठी निवडता येतं, पण पहिल्यांदा इंग्रजी ठेवा. अडलंत तर शोधायला सोपं जातं, भाषा नंतर कधीही बदलता येते.

२. 'मल्टिमीडिया कोडेक्स'ला खूण करा. सिक्युअर बूट चालू असेल तर इथेच एक पासवर्ड ठरवायला सांगतात. सोपा ठेवा आणि लिहून ठेवा, पुढच्या टप्प्यात एकदाच लागेल.

३. 'इन्स्टॉलेशन टाइप'. इथे हात आवरा. 'इरेज डिस्क' हा पर्याय मिंट पुसून नवं टाकण्यासाठी आहे असं वाटतं. तो *अख्खी* डिस्क पुसतो, विंडोजसकट. 'अलाँगसाइड' चालेल, पण मी 'समथिंग एल्स' घेतो, कारण काय होणार ते डोळ्यांना दिसतं.

४. यादीत टप्पा २ चा फोटो समोर धरून ओळख पटवा. 'ईएफआय' प्रकारचं छोटं पार्टिशन (बहुधा १०० एमबी), 'एनटीएफएस'ची (विंडोजची) मोठी, आणि तुमची १०० जीबीची 'फ्री स्पेस'. फ्री स्पेस निवडा, अधिकचं चिन्ह दाबा. प्रकार 'एक्स्ट४' (लिनक्सचा), माउंट पॉइंट नुसती तिरकी रेघ (/). बस्स. स्वॅपचं (मेमरी कमी पडली तर वापरायच्या जागेचं) वेगळं पार्टिशन नको, मिंट स्वॅप फाइल स्वतः करतं.

५. खाली 'बूटलोडर'साठी पूर्ण डिस्क निवडलेली असावी, एखादं पार्टिशन नव्हे.

थांबा: ईएफआय पार्टिशनसमोर 'फॉरमॅट'ची खूण नाही ना? असेल तर काढा. विंडोजचा बूटलोडर तिथेच राहतो.

'इन्स्टॉल नाऊ' दाबल्यावर काय काय बदलणार याची यादी दाखवणारी चौकट येते. सगळे 'कंटिन्यू' ठोकतात. वाचा. फॉरमॅट होणारं पार्टिशन एकच, एक्स्ट४ प्रकारचं, असायला हवं. एनटीएफएसचा उल्लेख दिसला तर 'गो बॅक'.

पुढचं सरळ आहे. नकाशावर मुंबईवर क्लिक केलं तरी वेळ 'कोलकाता' म्हणूनच येते, ती बरोबरच आहे.

## टप्पा ९: पहिला रीस्टार्ट

इन्स्टॉलेशन संपल्यावर पेन ड्राइव्ह काढायला सांगतात, आणि लोक उठून जातात. जाऊ नका.

टप्पा ८ मध्ये सिक्युअर बूटचा पासवर्ड ठरवला असेल, तर आता एक निळा पडदा येईल: 'परफॉर्म एमओके मॅनेजमेंट' (एमओके म्हणजे सिक्युअर बूटसाठी मशीनच्या मालकाने मान्य केलेली किल्ली). कोणतीही कळ दाबायला फक्त १० सेकंद मिळतात. मी एकदा चहा आणायला उठलो आणि तो येऊन गेला. मिंट नीट उघडलं, पण वायफाय नाही. तासभर ड्रायव्हर शोधत बसलो, कारण मात्र हे होतं. कळ दाबा, 'एनरोल एमओके', 'कंटिन्यू', 'येस', तो पासवर्ड, 'रीबूट'. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीही दिसणार नाही. कीबोर्ड बिघडलेला नसतो.

मग ग्रबचा (लिनक्सच्या बूटलोडरचा) मेन्यू दिसेल: वर मिंट, खाली 'विंडोज बूट मॅनेजर'. दोन्ही एकेकदा उघडून बघा.

सरळ विंडोजच उघडलं तर: परत इन्स्टॉल करू नका. बायोसमध्ये जा, बूट ऑर्डरमध्ये 'उबुंटू' नावाची नोंद शोधा आणि ती 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर न्या. मिंट टाकलं तरी नोंद 'उबुंटू' याच नावाने असते, म्हणून ती डोळ्यांसमोर असूनही सापडत नाही.

कधी कधी सगळं छान चाललेलं असताना विंडोज अपडेटनंतर मिंट अडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये अशाच एका अपडेटने अनेकांच्या पडद्यावर 'एसबॅट' आणि 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असा संदेश आणला होता. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून मिंटमध्ये जायचं आणि तिथले अपडेट पूर्ण घ्यायचे. एन्क्रिप्शन परत चालू केलं असेल, तर टप्पा ३ चा कागद हाताशी घेऊनच.

## टप्पा १०: घड्याळ आणि सामायिक फायली

मिंटमधून विंडोजमध्ये आलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं, तर बॅटरी बदलायला धावू नका. मदरबोर्डवरच्या घड्याळात विंडोज आपली स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स जागतिक वेळ. भारताचा फरक नेमका साडेपाच तासांचा. सकाळी दहाला मशीन साडेचार दाखवतं ते त्यामुळे. मिंटमध्ये टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत टाइमडेटसीटीएल, स्पेस, सेट-लोकल-आरटीसी (मधल्या दोन्ही आडव्या रेघांसकट), स्पेस, १ (timedatectl set-local-rtc 1) असं लिहून एंटर मारा. मग विंडोजमध्ये वेळेच्या सेटिंग्जमध्ये 'सिंक नाऊ'. पुन्हा बिघडत नाही.

दोन्हीकडून लागणाऱ्या फायली वेगळ्या एनटीएफएस ड्राइव्हवर ठेवा, डी असेल तर तीच. मिंट ती वाचतं आणि लिहितंही. विंडोजला मात्र एक्स्ट४ वाचता येत नाही. विंडोज 'हायबरनेट' करून मिंटमध्ये जाऊन त्याच फायली बदलू नका.

घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट सांगून ठेवा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये लिनक्सचं पार्टिशन बिननावाचं, बिनअक्षराचं दिसतं. आमच्या मेहुण्यांनी "ही १०० जीबी फुकट पडलीय" म्हणून ते डिलीट करून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' आणि लुकलुकणारी रेघ.

## टप्पा ११: लिनक्स काढायचं झालं तर

मेहुण्यांनी केलं ते उलट्या क्रमाने करायचं असतं. यूईएफआय मशीनवर आधी बायोसमध्ये 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज आपोआप उघडतंय याची खात्री करा. मग मिंटमधल्या फायली बाहेर काढा. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते बिननावाचं पार्टिशन आकारावरून ओळखून 'डिलीट व्हॉल्यूम', आणि सी वर राइट क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम'. मोकळी जागा सी ला उजवीकडे चिकटून नसेल, तर हा पर्याय करडा राहील. मग त्या जागेची वेगळी ड्राइव्ह करा.

लेगसी मशीनवर क्रमाने भागत नाही, कारण ग्रब डिस्कच्या अगदी सुरुवातीलाच बसलेला असतो. तिथे पार्टिशन काढण्याआधी टप्पा १ मधली विंडोजची पेन ड्राइव्ह लावून 'रिपेअर युवर कॉम्प्युटर'मधून विंडोजचा बूट रेकॉर्ड परत लिहून घ्यावा लागतो. छोटं ईएफआय किंवा 'सिस्टिम रिझर्व्ह्ड' पार्टिशन दिसेल, ते दोन्ही पद्धतींत विंडोजचंच आहे. त्याला हात लावू नका.